सगळ्यांचाच कागद लाल

“दूध नुसतं हुंगलं तरी म्हशीनं काल काय खाल्लं ते सांगतो. आपल्याला कोन फसवतंय!” सूर्यभान म्हणाला. बोरीजवळच्या वस्तीवरल्या दूध केंद्रावर तो त्याच दिवशी तपासनीस म्हणून बसला होता. डेअरीच्या मालकानं बजावलं होतं, टेम्पो रिकामा परत आला तर केंद्र झरी गावाला हलवीन.

पिवळा हळदीचा कागद दुधात बुडवायचा, आंबटपणा लपवायला टाकलेला सोडा असला की लाल होतो, एवढं तो शिकून आला होता. त्यानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं निवांत मळली आणि त्याच अंगठ्यानं कागद धरून दूध घालायला आलेल्या तानुबाईच्या चरवीत बुडवला.

लालभडक!

“सोडा टाकलाय तुमी, मावशे.”

“तुज्या तोंडात टाकीन सोडा! आत्ता धार काढून आले.”

तिच्यामागं उभ्या नागेशच्या दुधातही कागद लाल. तो जरा हसला, तेही सूर्यभानला खटकलं. दोघं मिळालेले दिसायलेत! विचार करायला त्यानं आणखी एक चिमूट मळली. मग त्याची बायको गीताबाई घरचं दूध घेऊन आली. तेही लाल.

त्यानं गीताबाईकडं चोराकडं बघावं तसं बघितलं. “कवापासून चालू हाय हे?”

“घरात सोडा असता तर तुमचं पोट एवढं फुगलं असतं का?”

शाळेतल्या बबिताबाई बाजार करून दूध न्यायला आल्या होत्या. त्यांनी स्वतः कागद धरून तिन्ही दुधांत बुडवले. पिवळेच राहिले. “मामा, तुमच्या अंगठ्याला चुना आहे. हे बघा,” म्हणत त्यांनी पिशवीतलं लिंबू लाल कागदावर पिळलं. कागद परत पिवळा. “आंबट पडलं की खार मरतो.”

“बाई, तुमी दूध तानुबाईकडूनच घेता न्हवं?” सूर्यभाननं डोळे बारीक केले. चुन्याचं त्याला पटलं नाही. लिंबाचं लगेच पटलं.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यानं सगळ्यांचं दूध मोठ्या कॅनमधे ओतलं, बाईंची पिशवी ओढली आणि सगळी लिंबं त्यात पिळली. “आता कुनाचा सोडा उरतो तेच बघतो!”

“मामा, दूध!” बाई ओरडल्या.

दूध फाटून गोळे वर आले. सूर्यभाननं वाकून बघितलं. “बाई, गार केलं की परत नीट हुईल का?”

“नाही, मामा. हा रासायनिक बदल आहे.”

टेम्पो केंद्राचा वजनकाटा घेऊन झरीला गेला.