चार वर्षांपूर्वीचा डाग

सकाळी कॉम्प्युटरने अपडेट करू का विचारलं आणि मी, प्रसेनजित, रिसोडच्या एक्स-रे सेंटरातला एकुलता एक शहाणा, हो म्हणून बसलो. अकरा वाजता केनवडच्या गोजराबाई आल्या. खोकला जात नव्हता. फोटोत उजव्या फुप्फुसावर पांढरा डाग दिसला.

डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, शिवमला, स्पष्ट सांगितलं. चार वर्षांपूर्वी इथेच काढलेल्या फोटोतही हाच डाग असेल तर तो जुन्या दुखण्याचा वण, घरी जा. नसेल तर आजच नागपूर गाठा. शिवमने आईकडे पाहिलं. जुना फोटो नातवंडांनी ग्रहण बघायला कापून वाटून घेतला होता.

“कोनाले मालूम होतं बाप्पा,” त्या म्हणाल्या, “ते जपून ठेवा लागते म्हून.”

म्हणजे तो फोटो आता फक्त आमच्या डब्यात. डबा म्हणजे कपाटावरची, वायरने कॉम्प्युटरला जोडलेली साठवणीची पेटी. सगळे जुने फोटो तिच्यात. तिचा हिरवा दिवा चालू होता, पण अपडेट झालेला कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. वायर बदलली. दोनदा बंद-चालू केलं. स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. बाहेर शिवमने ठरवून ठेवलेल्या गाडीचा हॉर्न सारखा वाजत होता, आणि गोजराबाई काचेतून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू डाग तिथेच दिसणार होता.

शेवटी अकोल्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याने विचारलं, डब्याला पासवर्ड आहे का? नव्हता. माझ्या आधीच्या माणसाने सोयीसाठी ठेवलाच नव्हता, आणि मीही त्या सोयीवर आरामात जगलो. नव्या अपडेटला असा उघडा डबा चालत नाही, तो म्हणाला. घराला कुलूप नाही म्हणून पाहुणा दारातच अडून बसला होता.

तो फोनवर सांगेल तसं करत स्टुलावर चढलो. डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावरचा नंबर कॉम्प्युटरवर टाकून डब्याची सेटिंग उघडली. आत शिरायला नवं नाव दिलं, पासवर्ड दिला, तोच कॉम्प्युटरला सांगितला. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा सगळे फोल्डर समोर आले. गोजराबाईंचं नाव सापडलं, आणि आता मलाच ते उघडायची भीती वाटू लागली.

उघडलं. डाग होता. तोच, तिथेच, तेवढाच. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून डाग मोजले आणि घरी जा म्हणाले.

शिवम मटकन बाकावर बसला. गोजराबाईंनी डोळ्याला एकदाच पदर लावला, मग मला जवळ बोलावलं.

“दोन कापी काढजो बाबू. एक तं पोरं कापतीनच.”