बरणीवरचा चिंतामणी

अश्लेषानं लोणच्याच्या बरणीवरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि मोरीत नेऊन डाळीच्या पिठानं खसाखसा घासला. वर्षानुवर्षांचं तेल ते, असं कुठं लगेच सुटणार! तरी तिनं तो धुतला, पुसला, देवघरातलं पितळी ताम्हण घेतलं आणि दोन्ही सांभाळत पुढच्या खोलीत आली.

तिचे वडील दत्तोपंत कॉटवर उशीला टेकून बसले होते.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

"मिळाला, अण्णा. आईनं तो बरणीवरून कधी हलवलाच नव्हता."

"मग बसा दोघं."

खुर्चीतल्या उत्कर्षनं कपाळाला हात लावला. अश्लेषाचा हा थोरला भाऊ पुण्याहून रजा टाकून आला होता.

"अण्णा, डॉक्टरांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. आणि आपण काय, दगड फिरवत बसायचं?"

"दगड नाही म्हणायचं. चिंतामणी."

तुळजापुरात वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. देवीच्या देवळात एक वाटोळा दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर हात ठेवायचे. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हललाच नाही तर थांबा. दत्तोपंतांचं घराणं पुजाऱ्यांचं. ते स्वतः शाळामास्तर झाले, पण मुलं लहान असताना नळदुर्गजवळच्या बोरी नदीतून असाच एक गोटा उचलून आणला, त्याच्या कडेला कुंकवाचा ठिपका लावला आणि जाहीर केलं, की आजपासून हा घरचा चिंतामणी. भांडणं माझ्याकडं आणायची नाहीत, याच्याकडं न्यायची.

काय काय विचारलं नाही त्याला! मांजरीचं पिल्लू ठेवायचं का? सुट्टीत येरमाळ्याला आत्याकडं जायचं का? खिडकीशेजारी दादानंच झोपायचं का? मुलांचे हात खाली, अण्णांचे तळवे वर. दगड ताम्हणात गरकन फिरायचा आणि हरलेलं पोर गाल फुगवून बसायचं. मुलांची आई चंद्रप्रभाबाई आतून ओरडायच्या, "देवाधर्माची थट्टा चालवलीय नुसती! तो गोटा द्या इकडं, माझ्या बरणीचं झाकण हलतंय." पुढं मुलं मोठी झाली, शहाणी झाली, आणि गोटा बरणीवर गेला तो गेलाच. आता चंद्रप्रभाबाई नव्हत्या. अश्लेषाचं सासर दोन गल्ल्या पलीकडं, पण लोणचं ती दरवर्षी इथं येऊन आईच्याच बरणीत घालायची.

या वेळचं भांडण मांजरीच्या पिल्लाचं नव्हतं. दत्तोपंतांना रक्ताचा कॅन्सर निघाला होता. सोलापूरचे डॉक्टर सरळ बोलले होते. या वयात जोराची केमो झेपणार नाही, सौम्य देऊ. पूर्ण बरे होतील असं म्हणत नाही, पण चालते-बोलते काही महिने मिळतील, नशीब असेल तर वर्षही. त्रास होईल. नाही दिली तर फार दिवस नाहीत.

उत्कर्ष म्हणाला, द्यायचीच. अश्लेषा म्हणाली, नाही. तिचे सासरे असेच दवाखान्यात गेले आणि परत घराचा उंबरा चढलेच नाहीत. त्यांची ती शेवटची तगमग तिनं डोळ्यांनी पाहिली होती. तिनं एका वैद्यांकडून पुड्या आणल्या. सकाळी गुळवेलीचा काढा, दुपारी गव्हांकुरांचा रस. कामाला येणाऱ्या विठाबाईंनी त्यात भर घातली. "म्या सांगते ताई, पपईच्या पाल्यात लई गुण हाय. आमच्या चुलत्याला उठून बसवलं त्यानं." झालं, पपईचा पालाही आला.

दत्तोपंत सगळं मुकाट पीत होते आणि सोलापूरलाही मुकाट जात होते. तुमच्या मनात काय आहे म्हणून विचारलं की म्हणायचे, "तुम्ही दोघं ठरवा." दोघांचं ठरत नव्हतं. काल तर स्वयंपाकघरात आवाज चढले.

"काढ्यानं कॅन्सर जातो का गं? शिकलेली ना तू?"

"आणि तू? इतकी वर्षं फोनवरून मुलगा झालास. आता आलास आणि उचलून न्यायला निघालास!"

बोलू नये ते बोलून गेली ती. तेव्हापासून भाऊबहिणीचा सगळा कारभार विठाबाईंमार्फत चालला होता. दादाला चहा द्या, ताईला विचारा साखर कुठंय. विठाबाईंना तर या खोलीतून त्या खोलीत जाता जाता हसावं की रडावं कळेना. भिंतीपलीकडून दत्तोपंतांनी सगळं ऐकलं, आणि आज चिंतामणी मागितला. देवळात जायची सोय नव्हती. गर्दीत न्यायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

ताम्हण स्टुलावर ठेवलं, ताम्हणात गोटा. दत्तोपंतांनी स्वतः कुंकवाचा ठिपका लावला. तो जरा लांबट झाला.

"प्रश्न सोपा आहे," ते म्हणाले. "केमोला सोलापूरला जायचं का? उजवीकडं होय, डावीकडं नाही. जे निघेल ते दोघांनी ऐकायचं. नंतर कुणी कुणाला बोल लावायचा नाही. मी असलो तरी आणि नसलो तरी."

"अण्णा, असं काय बोलता!" अश्लेषाला एकदम भरून आलं.

"हात ठेवा."

दोघांनी हात ठेवले. किती वर्षांनी त्यांची बोटं अशी एकमेकांना लागत होती. वर अण्णांचे तळवे आले, एक त्याच्या हातावर, एक तिच्या. तळवे गार होते आणि मनगटावर सुया टोचल्याचे काळेनिळे डाग होते. ते बघवेनात म्हणून अश्लेषानं डोळे मिटले.

सकाळी तिनं अण्णांच्या उशीचा अभ्रा भिजत घातला होता. हिरड्यांतून आलेलं रक्त बादलीतल्या पाण्यात पसरत गेलं, तिनं दोनदा पाणी बदललं तरी ते लालच राहिलं. इतके दिवस काढा देऊन हे! कुणाला बोलली नव्हती. आता तिनं बोटं घट्ट केली आणि दगड उजवीकडं रेटला.

दगड हलेना. तिला नवल वाटलं. दादाचा जोरही उजवीकडंच असणार, मग दोघांच्या जोरानं गरकन फिरायला हवा की! तिनं आणखी रेटला. तरीही नाही. शेवटी तिनं डोळे उघडले. उत्कर्षची नखं पांढरी पडली होती आणि तो सगळा जीव लावून दगड डावीकडं ढकलत होता.

"दादा! अरे, तू..."

उत्कर्ष मान वर करेना. "गेल्या खेपेला रक्त चढवलं ना त्यांना," तो दगडाकडंच बघत म्हणाला, "तेव्हा सारखं नर्सला विचारत होते, घरी कधी सोडणार म्हणून. मी शेजारी बसलेलो. मला नाही विचारलं. मला भीत होते गं ते. तुझंच बरोबर असेल, अशू. राहू देत घरी."

"नाही रे. हिरड्यांतलं रक्त माझ्या काढ्यानं थांबत नाही."

कुंकवाचा ठिपका होता तिथंच होता. दत्तोपंत हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तेव्हा अश्लेषानं उठून पाणी दिलं.

"हसताय काय, अण्णा?" उत्कर्ष म्हणाला. "हलला नाही म्हणजे थांबा. आपल्याला थांबायला वेळ कुठंय?"

"मांजरीच्या पिल्लाच्या वेळचं आठवतं का? एवढे आपापल्याकडं ओढत होतात, की ताम्हण खाली आलं होतं."

"आम्हाला वाटायचं, तुम्हीच फिरवता," अश्लेषा डोळे पुसत म्हणाली.

"मी कशाला फिरवू? मी नुसता हात ठेवून बघायचो, कुणाचा जोर कुणीकडं लागतोय. आज पहिल्यांदा उलटा लागला. मला तेवढंच बघायचं होतं. काही बरंवाईट झालं, की हिनं म्हणायचं त्यानं नेलं, त्यानं म्हणायचं हिनं अडवलं. मग माझ्यामागं भाऊबीज कुणी कुणाकडं करायची? या भीतीनं तोंड उघडत नव्हतो मी."

अश्लेषाचा हात पुन्हा दगडावर, दादाच्या हाताशेजारी गेला.

"आता हात काढा," दत्तोपंत म्हणाले.

त्यांनी आपले दोन्ही तळवे दगडावर ठेवले. डोळे मिटले नाहीत की देवीचं नाव घेतलं नाही. दोघांच्या देखत, अगदी ढळढळीत, त्यांनी तो गोटा अंगठ्यांनी रेटायला सुरुवात केली. मधे दम लागला, थांबले, पुन्हा रेटला. ठिपका उजवीकडं आला.

"अण्णा, आमच्यासाठी म्हणून नका जाऊ," उत्कर्ष म्हणाला.

"तुमच्यासाठी कशाला? हिनं यंदा घातलेलं लोणचं मुरायचंय अजून. मला खायचंय ते." मग त्यांनी लेकाकडं बघितलं. "पण घरी कधी सोडणार, हे मी विचारणार. नर्सला नाही, तुला विचारणार. आणि तू मला खरं सांगायचं."

उत्कर्षनं होकारार्थी मान हलवली.

"अशू, तो चिंतामणी ठेव बघू आधी जागेवर. बरणीचं झाकण उघडं राहिलंय."

अश्लेषा गोटा घेऊन आत गेली. कडेचं कुंकू पुसायला तिनं ओला हात उचलला, पण पुसवेना. तसाच तिनं तो झाकणावर ठेवला. पुढच्या खोलीत उत्कर्ष फोनवर बोलत होता. हो डॉक्टर, येतो घेऊन. हो, घरची काही औषधं चालू आहेत. काय काय? थांबा हं, विचारून सांगतो.

दारात केर काढत असलेल्या विठाबाईंनी सवयीनं झाडणी खाली ठेवली. "इचारून येऊ का ताईला?"

"नको विठाबाई," उत्कर्ष म्हणाला, "मीच जातो." आणि फोन हातात धरून तो स्वयंपाकघरात गेला.