पुट ऑफ

"पुढे ढकलला? बॉयलर?" बॉयलरवाल्यानं विचारलं. "तो काय हातगाडी आहे, साहेब?"

टायपिस्ट बाई खुदकन हसल्या. चौकशी करणारे मॅनेजरसाहेब हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. वाफेचा पाइप सुटून त्याच्या जोडीदाराचे दोन्ही हात भाजले, त्या दिवशीची ओळ त्याच्याच हातची होती : 'स्टीम लीक. आय पुट ऑफ बॉयलर.'

"पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणं. बॉयलर बंद करायला तुम्ही उशीर केलात, असा याचा अर्थ."

"बंद केला, साहेब! वाफ दिसली तसा धावत जाऊन बंद केला."

"मग टर्न ऑफ लिहायचं. नाहीतर शट डाउन."

"दिवा आपण पुट ऑफच करतो की."

"आमच्याकडे तर पंखासुद्धा," टायपिस्ट बाई बोलून गेल्या आणि साहेबांनी पाहताच खाली मान घालून टाइप करू लागल्या.

त्यानं रजिस्टरची पानं मागे उलटली. साहेब आल्यापासून अकरा वर्षं, रोज पाळी संपताना, पुट ऑफ बॉयलर. खाली रोज साहेबांची सही.

"म्हणजे अकरा वर्षं मी उशीर करत होतो, आणि तुम्ही सही करत होता?"

"तेव्हा अपघात झाला नव्हता."

साहेबांना अर्थ कळत नव्हता, असं कुणी समजू नये. चांगला कळत होता. अपघाताआधी त्याच रजिस्टरात त्यानं तीनदा लिहिलं होतं, चेंज पॅकिंग; त्या पाइपच्या सांध्यातून वाफ सुटू न देणारं, झिजलेलं पॅकिंग बदला म्हणून. त्या क्रियापदात काही चूक नव्हती. ते कुणी वाचलं नाही. सातवी शिकलेल्या माणसाला इंग्रजीतच लिही म्हणून दटावायचं, आणि आपल्या गळ्याशी आलं की त्याचंच मोडकं इंग्रजी त्याच्या गळ्यात बांधायचं. अहवालात ओळ पडली : उशीर झाल्याचं त्यानं स्वहस्ते कबूल केलं आहे.

अहवालाची प्रत जोडीदाराच्या घरी गेली. ते कळलं तसा तो तिकडे गेला. तिसरा मजला. जोडीदाराच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, शब्द चुकला. काम नाही चुकलं."

"पोरीनं डिक्शनरीत दोनदा बघितलं, भावजी. अक्षर तुमचंच ना?"

"अक्षर माझंच."

"मग?"

त्यानं अर्ध्या दारातून आत डोकावून पाहिलं. स्वतःची बायको गेल्यापासून त्याच्याशी दिवसभरात धड बोलणारा जोडीदार हा एकच माणूस होता.

"त्याला विचारा तरी एकदा."

"वाफेत त्यांना काय दिसणार? आणि हे मी त्यांच्या कानावर घातलेलंच नाही. हात बरे होईपर्यंत घालणारही नाही. फार जीव आहे त्यांचा तुमच्यावर." वहिनींनी आवाज आणखी खाली आणला. "येऊ नका पुन्हा."

आतून जोडीदाराची हाक आली, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही. घर चुकलं कुणीतरी."

दार लागलं. बावीस वर्षं एकाच बॉयलरवर काम केलं की माणूस पावलांच्या आवाजावरूनही ओळखू येतो. त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि तीन मजले अनवाणी उतरला.