मक्षिकानाथांचा अभयदोरा

रविवारी सकाळी साडेनऊला लोणी काळभोरच्या कालव्याकाठी असा काही देखावा जमला होता, की उसाचा ट्रॅक्टर घेऊन निघालेला माणूसही ट्रॅक्टर थांबवून बघत उभा राहिला. बाभळीच्या कुंपणाला साठ-सत्तर सायकली टेकवलेल्या. एकीलाही मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. तरी मुंजीतल्या बटूकडे बघावं तसे मालक आपापल्या सायकलीकडे कौतुकानं बघत होते. मालक बहुतेक हिंजवडीचे. डोक्यावर भोपळ्याच्या फोडीसारखी हेल्मेटं, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या. आणि अशी ही सगळी इंजिनिअर मंडळी सतरंजीवर मांडी घालून, हात जोडून, तोंड उघडं टाकून बसली होती.

कारण समोर मांडवात मक्षिकानाथ महाराज बसले होते आणि त्यांच्या उघड्या हातांवर मधमाश्या चालत होत्या. चांगल्या चाळीस-पन्नास. घूं घूं असा दणदणीत आवाज करत त्या मनगटावरून कोपराकडे जात, कोपरावरून परत तळव्यात येत. महाराजांनी मूठ मिटली, उघडली. काही नाही! एकही डंख नाही.

"मक्षिका म्हणजे देवाघरचा स्कॅनर आहे," महाराज माइकवरून म्हणाले. "ती येते, तुमचं कर्म स्कॅन करते. पाप सापडलं, की डंख. नाही सापडलं, की प्रदक्षिणा. आणि हा अभयदोरा म्हणजे काय? तुमचा फायरवॉल!"

"लाइफटाइम व्हॅलिड आहे का, महाराज?" एकानं अगदी गंभीरपणे विचारलं.

"श्रद्धा असेपर्यंत."

"एवढी मोठी पळवाट तर विमेवालेही ठेवत नाहीत," मागच्या खुर्चीवरून सुशीलाबाई पुटपुटल्या.

सुशीलाबाईंनी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रस्त्यात एखादं पोर थांबून मुंग्यांची रांग बघताना दिसलं, की बाई भाजीची पिशवी खाली ठेवून त्याच्याशेजारी उभ्या राहत. बाबा-बुवांकडे त्या कधी फिरकल्या नव्हत्या. पण आज पहिल्या रांगेत त्यांचा स्वतःचा मुलगा बसला होता.

अवधूत तीन आठवड्यांपूर्वी याच रस्त्यानं सायकल चालवत आला होता. कालव्याच्या वळणावर मोठा वड आहे आणि त्याच्या फांद्यांना आग्या माश्यांची चार पोळी लोंबतात. मंडळी सावली बघून वडाखाली थांबली. कुणी गाणी लावली, कुणी सेंट फवारला. माश्या उठल्या. बाकीच्यांना दोन-दोन, चार-चार डंख बसले. ते ओरडले, पळाले, संध्याकाळपर्यंत बरे झाले. अवधूतला फक्त एक डंख बसला. पण दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, छाती शिट्टीसारखी वाजू लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कांद्याच्या टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून तो वाचला.

"तुमच्या शरीराला या विषाची ॲलर्जी आहे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "पुढचा डंख याहून वाईट असू शकतो. हे इंजेक्शन सतत जवळ ठेवायचं. घ्यायचं कसं, ते घरच्यांनीही शिकून घ्या." आणि निळ्या पाकिटात घालून ते त्याच्या हाती दिलं होतं.

तेव्हापासून अवधूत बदलला. गॅलरीत माशी आली की दार लावी. हापिसात कुणाच्या फोनची घरघर झाली तरी दचके. अशात त्याच्या सायकलगटाचा म्होरक्या शुभंकर आला आणि त्यानं अभयदोऱ्याची गोष्ट सांगितली. हा शुभंकर कधीकाळी सुशीलाबाईंचाच विद्यार्थी.

काल रात्री जेवताना मायलेकांची जुंपली होती.

"आई, शुभंकरकडे डेटा आहे. उगाच नाही बोलत तो."

"मग त्या डेटाला सांग, माझा घसा सुजला तर तू श्वास दे म्हणावं."

"तुला सगळंच खोटं वाटतं."

"सगळं नाही रे. तपासलेलं नसतं तेवढंच."

आता मांडवात महाराजांनी हाक मारली. "अवधूत! बाळ, पुढे ये. ती अविश्वासाची सुई घेऊन अजून हिंडतोस ना? टाक ती या परडीत. मूठभर मक्षिका हातावर घे आणि पापमुक्त हो. बारा वाजता अभययात्रा निघेल. ढोलताशा लावून, सगळ्यांच्या पुढे तू वडाखालून सायकल काढायचीस!"

टाळ्या पडल्या. अवधूत उठला. खिशातलं निळं पाकीट त्याच्या हातात आलं. चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत अशी आस, की सुशीलाबाईंना त्याचा रागही येईना. तीन आठवड्यांच्या भीतीतून पोराला सुटायचं होतं, बस्स.

त्या उठल्या आणि सतरंजीवरून वाट काढत पुढे गेल्या.

"महाराज, आधी मला द्या."

महाराज हसले. "माताजी, आपण दोरा घेतलेला नाही. मक्षिका कोपतील."

"कोपू द्या. माझी पापं मला ठाऊक आहेत. चौतीस वर्षं मुलांचे मार्क कापले आहेत." आणि महाराज काही म्हणायच्या आत बाईंनी आपला तळवा त्यांच्या तळव्याला लावला.

माश्या सरसर इकडे आल्या. बाईंनी मूठ मिटली. मागच्या रांगा उठून बघू लागल्या. बाईंनी मूठ उघडली. काही नाही.

आणि मग जे झालं, त्याची तयारी बाईंनी केलेली नव्हती. "पुण्यवान माता!" म्हणून कुणीतरी ओरडलं आणि पहिल्या रांगेतल्या दोन टीम लीडरांनी वाकून त्यांचे पाय धरले. एक बाई तर आपलं मूल त्यांच्या पायाशी घालायला निघाल्या.

"अहो, उठा! पाय सोडा आधी, पडेन मी!" सुशीलाबाई ओरडल्या. "पुण्य कसलं? मी एकादशी करते ती साबुदाण्याच्या खिचडीसाठी. शुभंकर, इकडे ये. पाचवी ब, तिसरा बाक. फोन काढ."

शुभंकर तीस माणसांचा साहेब होता, पण तो मुकाट्यानं उठला.

"या माशीचा फोटो काढ. मोठा कर. आता काय दिसतं ते सांग. वाटतं ते नको, दिसतं ते."

"बाई... जाडी आहे. ढुंगण गोल आहे." मांडवात खसखस पिकली.

"हसू नका, बरोबर सांगतोय तो. पुढे?"

"डोळे केवढे आहेत! डोक्यावर एकमेकांना टेकलेत."

"शाबास. आता हे घेऊन त्या मधपेट्यांवाल्या सोनबांकडे जाऊ."

मांडवाशेजारी सूर्यफुलाचं शेत होतं. बांधावर मधाच्या दहा-बारा पेट्या मांडलेल्या आणि त्यांचा मालक सोनबा तंबाखू मळत मघापासून गंमत बघत उभा होता. सकाळी आल्या आल्याच बाईंनी त्याच्याशी ओळख करून घेतली होती.

"सोनबा, ही माशी कसली?"

सोनबानं फोनकडं बघितलंही नाही. बाईंच्या तळव्यावरची माशी चिमटीत धरून उलटी केली. "ही व्हय? ह्यो नर हाय, बाई. गडी. आमी ह्यास्नी रेडे म्हंतो. काम ना धाम, आयतं खायाचं. ह्यास्नी काटाच न्हाई, चावणार कशानं?"

"काटा कुणाला असतो?"

"कामकरी माशीला. ती मादी. मध आणायचा तिनं, घर राखायचं तिनं, मरायचं बी तिनंच."

"आणि हे नर महाराजांच्या हातावर कसे आले?"

"त्यो श्यामसुंदर न्हेतो की दर ऐतवारी जाळीच्या डब्यातनं." सोनबानं माइक धरलेल्या शिष्याकडं बोट केलं. "पूजेला लागत्यात म्हनला. एकेक निवडून घेतो, पोरगीला स्थळं बघावीत तसं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई. येवढी शिकलेली मानसं पाया पडत्यात, म्हनलं आसल कायतरी शहरातलं."

मांडवात कुजबुज सुरू झाली. महाराजांनी डोळे मिटले, उघडले. "शास्त्रात नर-मादी भेद नाही," ते म्हणाले. "सर्व मक्षिका एकच."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "सोनबा, पेटीच्या दारातली एक कामकरी माशी पेल्यात धरून आणा. महाराजांच्या हातावर सोडू."

सोनबानं एकच माशी आणली, काचेच्या पेल्यात, वर पुठ्ठा धरून. पेला जसजसा जवळ आला तसतसे महाराज आसनावरून मागे सरकू लागले. पाठ मांडवाच्या खांबाला लागली तेव्हा थांबले. "आज... तिथी योग्य नाही," म्हणाले.

"रेड्यांना तिथी चालते, गाईला चालत नाही वाटतं," मागून कुणीतरी पुणेरी आवाजात बोललं.

"राहू द्या," सुशीलाबाई म्हणाल्या. "शिकवायला निघाले मी, तर हात माझाच. मला शाळेच्या सहलींत तीनदा चावल्या आहेत, काही होत नाही हे माहीत आहे. तुम्ही कुणी हे करायचं नाही. आणि अवधूत, तू चार पावलं मागे हो." त्यांनी पेला आपल्या हातावर पालथा घातला आणि बोटानं टिचकी मारली.

"आई ग!" बाईंच्या तोंडून निघालंच.

सगळे पुढे वाकले. लाल ठिपक्यात बारीक काटा रुतला होता आणि त्याच्या टोकाची इवलीशी पिशवी अजून धडधडत होती, विष आत ढकलत होती. बाईंनी नखानं खरवडून काटा काढला.

"पाहिलंत? ही कामकरी. हिनं माझं कर्म स्कॅन केलं नाही. तिला कोंडलं, डिवचलं, ती घाबरली, तिनं डंख मारला."

"म्हणजे मघाचं पुण्य संपलं?" पाय धरणाऱ्या टीम लीडरनं काळजीनं विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला.

पण शुभंकर अजून हरला नव्हता. त्यानं फोनवर आपलं कोष्टक उघडलं. "बाई, ते ठीक आहे. पण डेटा बघा ना. दोरा बांधून बासष्ट जण वडाखालून गेले. एकालाही चावली नाही. दोरा न बांधता नऊ जण गेले. नऊच्या नऊ!"

"छान. दोरेवाले किती वाजता गेले?"

"पहाटे. महाराजांचा नियमच आहे. उजाडायच्या आत. दुपारची यात्रा आज पहिल्यांदाच."

"आणखी नियम?"

"सेंट लावायचा नाही. पांढरे कपडे. बोलायचं नाही, थांबायचं नाही, एकामागे एक..." शुभंकरचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"आणि बिनदोऱ्याचे?"

"नऊ-साडेनऊला. गाणी लावून." तो थांबला. मग आपल्याच कोष्टकाकडे बघत म्हणाला, "वेळेचा कॉलमच टाकला नाही मी."

"थंडीत, अंधारात, कुणी त्रास न देता गेलं, तर माश्या सहसा उठत नाहीत. सोनबांना विचार. पाळलेत ते नियम, आणि नाव झालं दोऱ्याचं. अरे, मग दोरा कशाला? घड्याळ बांधा!"

यावर मांडवात जो हशा उठला, तो महाराजांनी पुरता ऐकला नसावा. ते आणि श्यामसुंदर तोवर गाडीत बसले होते, काचा वर करून. अभययात्रेचे ढोलवाले आले, तेव्हा सायकली माघारी वळत होत्या, वड टाळून, हायवेकडच्या रस्त्यानं. सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र नाही. दोघा-तिघांनी दोरा मनगटावर ठेवलाच, "राहू दे, नुकसान काय?" म्हणून. आणि एकानं सोनबाला बाजूला घेऊन विचारलं, की घरी पूजेला दोन नर मिळतील का.

अवधूत आईच्या सुजलेल्या हाताकडे बघत होता. निळं पाकीट अजून त्याच्या मुठीत होतं.

"नुकसान काय, म्हणतात," तो म्हणाला. "मी हे परडीत टाकणार होतो. बारा वाजता वडाखाली असतो मी, ढोलताशांच्या गजरात."

"होय."

"मला कसं कळलं नाही, आई? मी रोज लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो."

"कळलं नाही, कारण तू घाबरला होतास. घाबरण्यात लाज नाही रे. जिवावर बेतलं होतं. पण घाबरलेला माणूस डॉक्टरांना दहा प्रश्न विचारतो आणि महाराजांना एकही विचारत नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. या ॲलर्जीवर पुढे काय उपचार करता येतात, ते नीट विचारू. तोवर सायकल चालव, पण पाकीट घेऊन आणि पोळ्यापासून लांबून."

वाचकहो, तुम्हीही सायकल काढाल, डोंगरावर जाल, वडाखाली बसाल. माश्या उठल्या तर तोंड झाकून लांब पळा. झटापट करू नका. काटा रुतला तर नखानं लगेच खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास अडकला, चक्कर आली, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठा. वाटेत एखादे महाराज दिसले, तर थांबू नका. बरे होऊन परत येताना हवं तर त्यांना भेटा, आणि त्यांच्या हातावरची माशी तेवढी उलटी करून बघा.