त्रेचाळिसाव्या पानावरचा त्रिकोण

प्रोफेसर कमलाकांत धैर्यवानांना दर जूनमध्ये एक बकरा लागायचा. ठाकुरद्वारच्या जुन्या प्रभू घराण्यातले गृहस्थ, कडक कॉलर, गोड बोलणं, आवाज कधी चढायचा नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भूमिती शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक रेघ काढायची, तिच्या बाहेर एक ठिपका द्यायचा आणि सांगायचं, की या ठिपक्यातून या रेघेला समांतर अशी एकच रेघ जाते, असं युक्लिड म्हणतो. मग वर्गातलं सगळ्यांत हुशार पोरगं हेरून म्हणायचं, "म्हणतो खरा, पण सिद्ध करत नाही. नुसतं गृहीत धरतो. तू सिद्ध करून आण बघू. फेब्रुवारीत तुला फळ्यापाशी बोलावीन."

आता हे सिद्ध होत नाही, ही गोष्ट जगाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच कळली होती. ते गृहीतक सोडून दिलं, एका ठिपक्यातून दोन काय हजार समांतर रेषा जातात असं धरलं, तरी काही बिघडत नाही. एक निराळीच, पण तितकीच पक्की भूमिती उभी राहते. तिलाच अयुक्लिडीय भूमिती म्हणतात, आणि अभ्यासक्रमातलं शेवटचं प्रकरण नेमकं तेच होतं. पण सर ते प्रकरण फेब्रुवारीआधी उघडायचे नाहीत. लायब्ररीतली त्यावरची दोन्ही पुस्तकं जूनमध्येच त्यांच्या नावावर जायची. जुनी पोरंही नव्यांना सांगायची नाहीत. आपण फसलो तसा दुसराही फसावा, एवढी माणुसकी सगळ्यांच्याच अंगी असते.

फेब्रुवारीत बकरा फळ्यापाशी यायचा, आठ महिने घाम गाळून केलेली सिद्धता मांडायचा, सर मान डोलावत ऐकायचे आणि मग पुस्तक उघडून सावकाश वाचायला लागायचे. वर्ग पोट धरून हसायचा. "पोरांची घमेंड उतरते हो," सर नंतर चहा पिताना म्हणायचे. स्वतःच्या घमेंडीसाठी त्यांनी काही सोय केलेली नव्हती.

तीन वर्षांपूर्वीचा बकरा वसंत आठल्ये. गिरगावातला, वडील फोर्टात कारकून. फळ्यापाशी त्याची अशी फजिती झाली की महिनाभर पोरं त्याला बघून हवेत रेघा काढायची. पण वसंत हसला. सर हसले तसा तोही हसला आणि म्हणाला, "सर, डोळे उघडलेत." सरांना असं लवचिक पोर आवडायचं. त्यांनी त्याला कॉलेजात फेलो करून घेतलं. हजेरी मांडायची, ट्यूटोरियलच्या वह्या तपासायच्या, जोडीला एम.ए. करायचं. जागा एकच, नेमणूक वर्षावर्षाची, दर जूनमध्ये सरांच्या शब्दावर पुढं चालायची. वसंताला तिच्यापायी झोप लागत नसे. फेलोशिप गेली की फोर्टातली कारकुनी तोंड उघडून बसलेलीच होती.

पंचावन्न सालचा बकरा होता दौलत परब. काळाचौकीचा. बाप मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होता तो दम्यानं घरी बसलेला, आई शेवंती, तीही मिलमध्येच, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. बापाच्या जागी बदली कामगार म्हणून चिकटण्याचं दौलतचं वय उलटत चाललं होतं. आईनं बापाशी भांडून त्याला एक वर्ष मागून घेतलं होतं. पहिला वर्ग आणि फेलोशिप मिळाली तर शिक्षण, नाहीतर जूनपासून साचा. हे तो कुणी न विचारताही सांगायचा. लपवाछपवी त्याला जमतच नव्हती. सरांनी रेघ आणि ठिपका त्याच्या गळ्यात घातला तेव्हा पुस्ती जोडली होती, "यातून काही खरं निघालं तर फेलोची जागा तुझी. मग आठल्यांना सुद्धा मी घरी पाठवीन." वर्ग हसला. वसंतही हसला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि दौलत ट्यूटोरियलच्या खोलीत वसंतापुढं उभा राहिला. हातात जाड वही, मिलच्या खाकी कागदाचं कव्हर घातलेली. कागद परवडत नाही म्हणून तो कच्चं काम पाटीवर करायचा, पुसायचा, आणि पक्कं तेवढं वहीत उतरवायचा. जे काय होतं ते त्या एका वहीत होतं.

"सर, माझं काहीतरी भलतंच झालंय. दोन समांतर रेषा जातात असं धरून चाललो. म्हटलं कुठंतरी विरोध येईल, मग झालं सिद्ध. पण विरोध येतच नाही. त्रिकोणाचे कोन दोन काटकोनांपेक्षा कमी भरतात. भरू देत, चालतं. हे बघा, पान त्रेचाळीस. दोन त्रिकोणांचे तिन्ही कोन सारखे असले, तर ते त्रिकोण एकाच मापाचे निघतात. कोन तेच ठेवून त्रिकोण मोठा करताच येत नाही. मला वाटतं सर, हे सिद्ध होणारच नाही. ही एक दुसरीच भूमिती आहे."

वसंतानं वही वाचली. एकदा वाचली, परत वाचली.  सरांच्या कपाटातल्या पुस्तकात जे होतं ते या पोरानं पुस्तक न बघता, पाटी पुसत पुसत, दहा बाय बाराच्या खोलीत खोकणाऱ्या बापाशेजारी बसून काढलं होतं. आणि काढलं होतं पुस्तकाहून सोप्या वाटेनं. वसंताला आनंद झाला नाही, हे सांगून टाकलेलं बरं. त्याला पहिल्यांदा आठवला तो जून महिना, आणि मग आपल्याला सात जन्मांत हे सुचलं नसतं, हा विचार आला. दुसरा विचार पहिल्यापेक्षा जास्त झोंबला.

"अरे वेड्या," तो म्हणाला, "विरोध आलाय की. कोन तेच ठेवून त्रिकोण मोठा करता येत नाही म्हणतोस? मग नकाशे कसे काढतात? मुंबईचा नकाशा भिंतीवर लावतोस, तो काय मुंबईएवढा असतो? अशक्य गोष्ट निघाली, म्हणजे तुझं धरणंच चुकलं. झालं सिद्ध. फळ्यावर हेच मांड."

नकाशाचा हा मुद्दा वसंताचा स्वतःचा होता. तीन वर्षांपूर्वी फळ्यापाशी त्यानं तोच मांडला होता आणि त्याच्यावरच वर्ग हसला होता.

दौलतनं डोकं खाजवलं. "पण सर, नकाशा अगदी तंतोतंत निघतो, हे आपण युक्लिड खरा धरूनच म्हणतो ना? मग त्याच्याच जोरावर त्यालाच खरं कसं ठरवायचं?"

"परब, मी तुला शिकवतो की तू मला?"

पोरगं वरमलं. शिकलेल्या माणसाचा शब्द त्यांच्या घरी देवाच्या कौलासारखा मानत. वसंतानं आवाज मऊ केला. "वही ठेवून जा. बारकाईनं तपासून देतो." दौलत वही ठेवून, वर आभार मानून गेला.

वही परत करायची नाही असं वसंतानं काही त्या दिवशी ठरवलं नव्हतं. आज देऊ, उद्या देऊ म्हणून ती घरी नेली, एवढंच. आणि मग जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीनं सांगितलं, आणि गिरगाव, लालबाग, परळ सगळं पेटलं. कर्फ्यू लागला, कॉलेज बंद पडलं. काळाचौकीत दौलतच्या शेजारच्या खोलीतला पोरगा गॅलरीत उभा होता, तो गोळी लागून तिथंच गेला. दौलतनं त्याला उचलून खाली आणला होता म्हणे. त्यानंतर तो आठवडाभर तापानं फणफणला. वसंताच्या कानावर हे आलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. वही मात्र त्यानं फळीवर आणखी मागं सारली.

फेब्रुवारीत कॉलेज उघडलं. धैर्यवान सर हसतमुखानं वर्गात आले, काखेत पुस्तक. वसंत हजेरीचं पुस्तक घेऊन कडेला बसला. दौलत फळ्यापाशी गेला, वाळलेला, डोळे खोल गेलेले. त्यानं सगळं मांडलं आणि शेवटी, जड जिभेनं, नकाशाचा मुद्दा मांडला. कौल मिळाला होता ना.

"वा," सर म्हणाले. "म्हणजे युक्लिड खरा का, तर मुंबईचा नकाशा निघतो म्हणून. परब, तो नकाशा दिल्लीला पाठवा, त्यांना सध्या तोच सापडत नाहीये." वर्ग फुटला. सरांनी हसणं ओसरू दिलं, पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. त्रिकोणाचे कोन दोन काटकोनांहून कमी. तिन्ही कोन समान असले की दोन त्रिकोण एकरूप.

दौलतच्या हातातला खडू खाली पडला. "सर, हे माझ्या वहीत आहे. पान त्रेचाळीस. मी दिवाळीनंतर आठल्ये सरांना दाखवलंय. मी म्हणत होतो ही दुसरी भूमिती आहे, त्यांनीच सांगितलं, नकाशाचं मांड..."

धैर्यवान सरांचं हसू मावळलं. शिकवण्याच्या तेवीस वर्षांत पहिल्यांदाच मावळलं असेल. त्यांनी पुस्तक मिटलं. "आठल्ये, दाखवलं होतं यानं? हे खरं असेल, तर मी आत्ता वर्ग सोडून याच्या जागेसाठी प्रिन्सिपलांकडे जातो."

सगळा वर्ग वसंताकडे वळला. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फेलोशिप गेली असती, थोडी छी:थू झाली असती, फोर्टात एक खुर्ची मिळाली असती. जीव काही गेला नसता.

"नाही सर," वसंत म्हणाला. "मला कुठली वही आठवत नाही." आणि जरा थांबून, अगदी कळवळ्यानं, "त्याच्या शेजारी तो गोळीबार झाला ना. तेव्हापासून तो बरा नाही."

वर्गानं च् च् केलं. एक-दोघं हसले. दौलत वसंताकडे बघत राहिला. रागानं बघितलं असतं तर वसंताला सोपं गेलं असतं. पोरगं आठवायचा प्रयत्न करत होतं.

त्यानंतर दौलत कॉलेजात आला नाही. मार्चात, परीक्षेला पंधरा दिवस असताना, त्याची आई गिरगावात वसंताचं घर शोधत आली. पहिल्या पाळीहून तशीच आली होती, केसांत कापसाचे तंतू. वसंताच्या आईनं, आनंदीबाईंनी, तिला पाट दिला, पाणी दिलं.

"मास्तरानु," शेवंती म्हणाली, "माका एकच विचारूचा आसा. माज्या झिलान तुमका वही दिलेली काय नाय? तो आधी म्हणा होतो, दिलंय. आता म्हणता, आये, दिलंय असां माका नुसतां वाटता, मी तापात बघितलंय असतलंय. म्हणता, जां झालाच नाय तां माका दिसता, मगे मी पेपरात काय लिवतलंय? पुस्तकाक हात लावणा नाय. तुमी नुसतां म्हणा, व्हय, दिलेली. वही हरवली असली तरी हरवांदे. त्याचां डोक्यां ठिकाणार आसा इतक्यां कळला, की मी तेका परीक्षेक बसवतंय."

 "नाही हो बाई. असती तर दिली नसती का?"

आनंदीबाईंना राहवलं नाही. "अरे, तुझ्या त्या वह्यांच्या चळतीत चुकून राहिली असेल. बघ तरी. बाई एवढ्या लांबून आल्यात."

आता न बघून कसं चालेल? वसंतानं फळीवरची चळत काढली आणि शेवंतीपुढं बसला. एकेक वही घ्यायची, उघडायची, नाव वाचायचं, बाजूला ठेवायची. जोशी. कामत. राणे. सातवी वही खाकी कव्हराची निघाली. आतल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, दौलत सोमा परब, काळाचौकी. शेवंतीनं पुढं वाकून ते अक्षर बघितलं.

"ही कोणाची?" तिनं विचारलं. "माका वाचूक येना नाय."

"ही माझी," वसंत म्हणाला, आणि पुढची वही उघडली.

चळत संपली. शेवंती पदरानं तोंड पुसून उठली.  "म्हणजे माज्या झिलाचांच डोक्यां फिरलां. बरां झालां मास्तरानु, खरां काय तां कळलां. आता परीक्षेचा नाव काढणंय नाय. गावाक नेतंय तेका. देवाक गाऱ्हाणां घालतंय, नायतर कोणाक तरी दाखवतंय." तिनं दाराशी वाकून, वयानं दुप्पट असून, वसंताला हात जोडले.

आनंदीबाई जिन्यापर्यंत तिला पोचवायला गेल्या. परत येऊन त्या म्हणाल्या, "पोराच्या नशिबात नव्हतं, दुसरं काय. तुझं जूनचं पक्कं झालं ना रे?"

"झालं," वसंत म्हणाला.