अर्धं जातं

धरून धरून गुळगुळीत झालेला लाकडी खुंटा.

दार आपटू नये म्हणून लावलेला दगड.

केसांत अडकलेली मुगाची सालं.

“बरं.” एवढाच एक शब्द.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. खरं सांगायचं तर अर्धं जातं आहे, खालचं अर्धं. माझ्या मधोमध लोखंडी मेख आहे. तिच्यावर वरचा दगड फिरायचा आणि आम्ही मूग, उडीद भरडून त्यांची सालं सुटी करायचो.

भरडताना दोन दगड फार जवळ आले तर डाळीचा भुगा होतो. फार लांब राहिले तर मूग जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून मेखेभोवती चिंधी गुंडाळायची. ती किती जाड हवी, ते घरातल्या दोन जावांच्या बोटांना कळायचं.

त्या समोरासमोर बसत. खुंटा एक, हात दोघींचे.

“ओढ की गं! हात काय पाहुणा म्हणून ठेवलायस?” थोरली म्हणायची.

“मी ओढते म्हणून तर तुमची बाजू फिरते, जाऊबाई!”

मग धाकटी पाखडायला बसायची. सालं उडून थोरलीच्या केसांत जायची. “म्हातारी केलीस मला,” असं म्हणत थोरली हसायची. आमच्या डाळीत साल शोधून सापडायचं नाही. आलेगेले नावाजायचे.

पुढे भावाभावांचं फाटलं. अंगणात भिंत आली. वाटणी करायला त्यांचे मामा आले. भांडी झाली, खाटा झाल्या, जातं उरलं. मामांनी ते थोरल्या भावाच्या बाजूला सरकवलं.

“आख्खं जातं त्यालाच का?” धाकटा भाऊ म्हणाला.

“दगड दोन, भाऊ दोन. घ्या एकेक,” मामा म्हणाले. पुरुष हसले.

“अहो मामा, एकट्या दगडाचं करायचं काय?” धाकटीनं विचारलं. मामांनी तोवर वरचा दगड उचललाही होता.

वरचा दगड तिकडे धाकटीच्या दाराला टेकला. मी इकडे थोरलीच्या मागच्या दारी, खिडकीखाली. माझ्यावर कपडे आपटले जाऊ लागले. साबणात माझ्या अंगावरच्या, छिन्नीनं पाडलेल्या टाकीच्या रेघा झिजल्या. मेखेवरची चिंधी मात्र थोरली कुणाला काढू देत नसे.

मग थोरली आजारी पडली. तिची खाट त्याच खिडकीशी होती. अन्न उतरेना.

“आपल्या जात्यावरच्या डाळीचं पाणी घेईन,” एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली.

“दुकानातून आणतो ना.”

“दुकानातली नको. धाकटीला हाक मारा. दगड घेऊन ये म्हणावं.”

तो उठला. भिंतीपर्यंत गेला. तिथे उभा राहिला. आधी कोण बोलणार, हेच त्या दोघा भावांचं अडलेलं होतं. तो परत आला.

“घरी कुणी नाही.”

“बरं,” थोरली म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

ती गेल्यावर धाकटी आली. वरचा दगड कमरेवर घेऊन, एकटी. तिनं तो माझ्यावर ठेवला, मूठभर मूग घातले, खुंटा ओढला. मूग सालासकट बाहेर आले. तिनं ते पुन्हा घातले. पुन्हा तसेच. समोरची जागा रिकामी होती, म्हणून वरचा दगड एका अंगाला कलत होता.

मित्रांनो, दोन दगडांची वस्तू वाटून घेऊ नका. आणि आजारी माणसानं कुणाला हाक मारायला सांगितलं, तर ती मारा. माझं एवढंच मागणं आहे.

त्या दुपारी धाकटी घरीच होती. भिंतीपलीकडून तिच्या पाखडण्याचा आवाज खिडकीपर्यंत येत होता.