नोरीनचं इंजिन उघडलं तेव्हा

लव्हर्न डिट्झने हात वर केला तेव्हा आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. रागाच्या भरात भान सुटलं असतं तर स्वतःची समजूत घालायला निदान काहीतरी हाती राहिलं असतं.

रविवारची दुपार होती. एकाहत्तर सालचा सप्टेंबर. दक्षिण इंडियानात मक्याच्या शेतांमध्ये युद्धाच्या काळातली एक जुनी धावपट्टी पडून होती. तिच्यावर आमच्या संघटनेची पहिली मोठी शर्यत भरली होती. शर्यत सरळ पाव मैलाची. दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहायच्या, निशाण खाली आलं की सुटायचं, पलीकडच्या टोकाला जो आधी पोहोचेल तो जिंकला. गाड्या मात्र रोजच्या वापरातल्याच हव्यात. सोमवारी कामावर नेतो तीच गाडी रविवारी पळवायची, यासाठीच तर संघटना काढली होती.

आणि ती निघाली होती लव्हर्नवर झालेल्या अन्यायातून.

लव्हर्न कोऑपरेटिव्हच्या धान्यकोठारावर यंत्रं दुरुस्त करायचा. अंगाने थोराड, बोलायला मोकळा, हसला की टेबल थोपटायचा. दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या संघटनेच्या ट्रॅकवर आपल्या गाडीच्या वर्गात जिंकला आणि कुणीतरी नाव न सांगता तक्रार केली की त्याच्या फोर्डच्या इंजिनात गडबड आहे. तपासनिसांनी इंजिन उघडलं. गडबड काही निघाली नाही. तरी एअर फिल्टरचं झाकण पुढच्या सालच्या मॉडेलचं आहे एवढ्यावरून त्याला बाद केलं आणि इंजिनाचे तुकडे डांबरावर तसेच टाकून ते निघून गेले. त्या लोकांना पैसेवाल्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये रस होता, आमच्यासारख्यांमुळे त्यांची फक्त जागा अडायची.

त्या दिवशी दोर बांधून लव्हर्नची गाडी घरापर्यंत ओढत आणली ती नोरीन हॉफरने. नोरीन आमच्या भागात टपाल वाटायची. नवरा वारल्यावर त्याची लांबलचक प्लिमथ तिच्याकडे आली. आठवडाभर ती त्याच गाडीतून घरोघरच्या टपालपेट्यांत पत्रं टाकायची. आमच्याकडे चालकाची जागा डावीकडे आणि पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, म्हणून स्वतः उजव्या बाजूला सरकून बसायची, डाव्या हाताने स्टिअरिंगचं चाक धरायची आणि डाव्या पायाने ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर सांभाळायची. रविवारी मात्र सरळ चालकाच्या जागी बसून शर्यत पळायची.  लव्हर्नच्या अंगणात दोर सोडताना ती म्हणाली, "रडत काय बसलायस? आपलंच काहीतरी काढू या की."

"आपलं म्हणजे?"

"म्हणजे आपलं. नियम आपले, ट्रॅक आपला. आणि ज्याला तक्रार करायचीय त्याने तोंड दाखवून करायची."

हिवाळाभर तिच्या स्वयंपाकघरात बैठका झाल्या. कॉफीची किटली चुलीवरून उतरायची नाही. धावपट्टीच्या मालकाकडे ती तीनदा जाऊन आली तेव्हा कुठे तो तयार झाला. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात पहिली सभा भरली, त्या वेळी अध्यक्ष म्हणून लव्हर्नचं नाव तिनेच सुचवलं. "त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो," ती म्हणाली आणि सगळे हसले. तक्रारीचा नियम लव्हर्नने उभं राहून सांगितला. तक्रार करणाऱ्याने सगळ्यांसमोर हात वर करायचा आणि इंजिन उघडून तपासून होईपर्यंत त्या गाडीशेजारी उभं राहायचं. लपून कुणी कुणावर चिखल उडवायचा नाही. टाळ्या पडल्या. लव्हर्नला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तर त्या रविवारी त्यांच्या वर्गात शेवटी दोघंच उरले, लव्हर्न आणि नोरीन.

धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. लव्हर्नची बायको मॅक्सीन चर्चच्या बायकांबरोबर टेबलामागे उभी राहून तळलेल्या पोर्कचे सँडविच विकत होती. ते टाकून तीही कडेला आली. निशाण पडलं. लव्हर्नने क्लच धसकन सोडला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, धूर झाला. तेवढ्यात नोरीनची प्लिमथ शांतपणे पुढे निघून गेली होती. लव्हर्नने जीव तोडून गाठलं, पण टोकाला तिचं नाक पुढेच राहिलं.

लोकांनी जल्लोष केला. टपालवालीने अध्यक्षाला हरवलं, ही गंमत कुणाला नको होती? कुणीतरी ओरडलं, "लव्हर्न, तुझी पत्रं आता उशिरा येणार रे!" दुसऱ्याने लगेच जोडलं, "उशिरा कशी? ती तर त्याच्याआधी पोहोचते!" हशा उसळला. लव्हर्नही हसला. पण गाडी वळवून परत येताना त्याचे कान तापले. जमलेल्या माणसांत त्याच्या कोठारावरचा साहेब होता, मेहुणा होता. आणि नोरीन गाडीच्या टपावर कोपर टेकून मजेत सँडविच खात होती.

तो गाडीतून उतरला आणि त्याने हात वर केला.

आधी कुणाला कळलंच नाही. आमच्या संघटनेचा तपासनीस ऑरेन टिल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचा. तो जवळ येऊन म्हणाला, "काय रे, पाणी हवंय का?"

"तक्रार आहे," लव्हर्न म्हणाला. त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "प्लिमथचं इंजिन उघडा."

हसणं थांबलं. ऑरेनने त्याला बाजूला घेतलं. "वेडा आहेस का? नोरीनचं?"

"नियम सगळ्यांना सारखा."

"अरे, तिला उद्या टपाल वाटायचंय त्या गाडीतून."

"तसं असेल तर लवकर उघड."

नोरीनने अर्धं सँडविच कागदात गुंडाळून ठेवलं, हात पुसले आणि स्वतःच बॉनेट उचललं. लव्हर्नकडे तिने एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि आतून कुणी अनोळखी माणूस यावा, तशी ती बघत होती.

काम दुपारभर चाललं. नियमाप्रमाणे लव्हर्न शेजारी उभा. ऊन टळटळीत. ऑरेनने एकेक भाग काढून ताडपत्रीवर मांडला. लोक आधी गोल करून उभे होते, मग हळूहळू पांगले. पांगताना कुणी लव्हर्नच्या खांद्यावर हात ठेवला नाही. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचलताना त्याखालचं जुनं पॅकिंग फाटलं, तो आवाज लव्हर्नला स्पष्ट ऐकू आला. ते आता पुन्हा बसणार नव्हतं, आणि रविवारी दुकानं बंद. त्याच क्षणी तो म्हणू शकला असता की बास, माझं चुकलं. त्याने तोंड उघडलंही. पण इतकं सगळं करायला लावून आता काय म्हणायचं, या लाजेनेच त्याचं तोंड पुन्हा मिटलं.

ऑरेनने सिलिंडर मोजले, व्हॉल्व्ह मोजले, कॅमशाफ्ट तपासला. मग उठून तो कुणाकडेच न बघता म्हणाला, "सगळं नियमात आहे. कारखान्यातून आलं तसंच."

सगळे लव्हर्नकडे बघत होते. माफी मागायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती. त्याच्या तोंडून आलं, "नियम म्हणजे नियम. मला कुणाचा अपमान करायचा नव्हता."

"खरंय," नोरीन म्हणाली. ती गुडघ्यांवर बसून बोल्ट एका डब्यात गोळा करत होती. "नियमात तुझं काही चुकलं नाही, लव्हर्न."

मॅक्सीन एप्रनला हात पुसत आली, नवऱ्यासमोरून तशीच पुढे गेली आणि नोरीनच्या शेजारी ताडपत्रीवर बसली.

"घरी चल," लव्हर्न हळूच म्हणाला.

"तू जा," ती म्हणाली. "मला इथं काम आहे."

लव्हर्न एकटा निघाला. घरी पोहोचला, गाडीतच बसून राहिला. आपल्याच अंगणात ही बाई दोर सोडत उभी होती, हे त्याला आठवलं. त्याने गाडी वळवली आणि स्पेअर पार्टवाल्या हर्शेलच्या घरी गेला. हर्शेल जेवायला बसला होता. लव्हर्नने हेडचं पॅकिंग मागितलं.

"रविवारचं?" हर्शेल घास गिळत म्हणाला. "कुणाचं हेड उघडलं?"

"मी उघडायला लावलं. नोरीनचं."

हर्शेलने काटा खाली ठेवला. मग किल्ल्या घेतल्या. दुकानात पॅकिंग काढून देताना एवढंच म्हणाला, "बैठकीला मी पण होतो, लव्हर्न. तिच्याच घरची कॉफी पीत होतो आपण."

लव्हर्न धावपट्टीवर परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. नोरीन, मॅक्सीन, ऑरेन आणि आणखी दोघं कामाला लागले होते.  लव्हर्नने पॅकिंग पुढे केलं.

"थँक्यू," नोरीन म्हणाली. टपाल कचेरीच्या खिडकीतून म्हणतात तसं.

"मी बसवतो. दे पाना."

"नको. होतंय आमचं."

तो रिकाम्या हातांनी उभा राहिला. घट्ट करताना बोल्टचा क्रम चुकतोय का ते बघत राहिला. चुकत नव्हता. शेवटी त्याच्याने राहवेना. "नोरीन, मला माहीत होतं," तो म्हणाला. "माझी चाकं जागेवर फिरली. क्लच मी सोडला तेव्हाच कळलं होतं मला. तुझ्या गाडीत काही नाही हे ठाऊक असताना मी हात वर केला."

मॅक्सीनने मान वर केली नाही.

"मलाही माहीत होतं," नोरीन म्हणाली. "तुझ्या टायरचा आवाज सगळ्या परगण्याला गेला असेल."

"मग बोलली का नाहीस? चारचौघांत सांगायचंस की हा स्वतःच्या चुकीने हरला. गप्प बसलो असतो मी."

नोरीनने पाना खाली ठेवला. "लोक आधीच हसत होते तुला. त्यात आणखी मी भर घालू?" मग ती म्हणाली, "तुझी लाज राखावी म्हणून गप्प बसले मी, लव्हर्न. तू तेवढंही केलं नाहीस."

 प्लिमथ सुरू झाली तेव्हा तो दूर कुंपणापाशी उभा होता. मॅक्सीन त्याच्या गाडीत येऊन बसली खरी, पण घरापर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली.

पुढच्या सभेत त्याने तळघरात सगळ्यांसमोर उभं राहून जे झालं ते सांगितलं. चाकं फिरल्याचं, ठाऊक असूनही हात वर केल्याचं, माफी न मागितल्याचं. या वेळी त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला नाही. कुणीतरी "मोठ्याने बोल" म्हणालं आणि त्याला सगळं पुन्हा सांगावं लागलं. शेवटी त्याने अध्यक्षपद सोडतो म्हणून सांगितलं. निदान एखादा तरी "अरे, असू दे" म्हणेल असं त्याला मनातून वाटत होतं, आणि तसं वाटल्याचीही त्याला लाज वाटली. फक्त खुर्च्या करकरल्या.

मग नोरीन म्हणाली, "पद सोड, ते ठीक आहे. पण घरी जाऊन तोंड लपवून बसू नकोस. धावपट्टीच्या कडेचं गवत वाढलंय. ते कोण कापणार?"

"मी कापतो," लव्हर्न म्हणाला.

अध्यक्ष नोरीन झाली. तक्रारीचा नियम तिने काढला नाही, फक्त एक ओळ घातली: गाडी निर्दोष निघाली तर ती तक्रार करणाऱ्याने त्याच दिवशी पूर्ववत जोडून द्यायची. सभेत कुणी लव्हर्नकडे पाहिलं नाही. सगळे मुद्दाम टाळत होते, हे त्याला कळत होतं. संघटना वाढली. पुढच्या उन्हाळ्यात केंटकीहूनही गाड्या येऊ लागल्या. लव्हर्न पळायचा, कधी जिंकायचा, कधी हरायचा, आणि दर शनिवारी गवत कापायचा. मॅक्सीनचा अबोला बर्फ पडायच्या आत सुटला. ऑरेन त्याच्याशी पूर्वीसारखी थट्टा करू लागला.

नोरीनही वाईट वागली नाही. पूर्वी ती त्यांच्या पेटीपाशी आली की इंजिन बंद करायची, लव्हर्न अंगणात असला तर हाक मारायची, पोरांची, मक्याची, कोठारावरच्या भानगडींची चौकशी करायची, आणि टपालाला उशीर व्हायचा. आता ती पेटीत पत्रं टाकायची, झाकण लावायची आणि चाकावरचं एक बोट उचलून नमस्कार करायची. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ती तसाच करायची. लव्हर्नही बोट उचलायचा. प्लिमथ वळणाआड गेल्यावर तो पेटीपाशी जायचा, वर्तमानपत्र आणि बियाण्यांच्या जाहिराती काढायचा आणि घरात जायला जरा वेळ लावायचा.